पुढे निघालेला गूल्वेन

गूल्वेनने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाणी वाहिलं. सायकलीच्या शर्यतीत असे गडी लागतातच. मागच्या गाडीतून बाटल्या आणायच्या, वारा आपण अंगावर घ्यायचा, आणि खरी झुंज सुरू झाली की गुमान मागे राहायचं. पहिला तो कधीच आला नाही. त्याचा बाप फांच, त्याला हे कधी पचलं नाही.

आज शर्यत त्यांच्याच गावावरून जाणार होती. "बाबांचं काही खरं नाही रे, रविवारपर्यंत राहतील असं वाटत नाही," बहीण रोझेन फोनवर म्हणाली होती. गूल्वेनला एवढंच हवं होतं, बापाला एकदा मिठी मारायची.

गावचा गडी घरच्यांना भेटायला पुढे निघाला तर बाकी सायकलस्वारांचा घोळका त्याला जाऊ देतो, हा जुना रिवाज. तरी त्याने विचारलं.

"जा की लेका," संघाचा म्होरक्या यान म्हणाला. "पण न थांबता तसाच पळालास तर चाकातली हवा काढीन!"

"पळायला पाय राहिलेत कुठं? तुझ्या बाटल्या वाहून मोडले."

सगळे हसले आणि त्यांनी वेग कमी केला.

चर्चच्या वळणावर रोझेनने बापाला चाकाच्या खुर्चीत, घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. गूल्वेन उतरला. म्हाताऱ्याने त्याच्यामागचा रिकामा रस्ता पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"एकटाच? बाकीचे?"

रोझेन काही बोलणार, तोच गूल्वेनने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"मागे राहिले, बाबा."

"मग उतरलास कशाला, गाढवा? पहिला आहेस तू! पळ!"

"बाबा, एकदा जवळ..."

"संध्याकाळी ये, मग काय ती मिठी मार! सायकलवर बस आधी!" त्याने पोराला ढकललं.

संध्याकाळी शर्यतीचा मुक्काम पार दुसऱ्या प्रांतात होता. खरं सांगितलं असतं तर मिठी मिळाली असती, पण तो उजळलेला चेहरा विझवायचा कसा? गूल्वेन सायकलवर बसला आणि जिंकायला निघाल्यासारखा उभ्याने पायडल मारत सुटला.

बाप दिसेनासा झाल्यावर तो थांबला आणि पोटभर रडला. घोळका आला.

"भेटलास?" यानने विचारलं.

गूल्वेनने मान डोलावली आणि त्याच्याकडची रिकामी बाटली मागून घेतली.

रात्री मुक्कामावर रोझेनचा फोन आला. बाबा गेले होते.

"शेवटपर्यंत दाराकडे बघत होते रे," ती म्हणाली. "तू संध्याकाळी येणार होतास ना."