अक्काकडची चावी

दादाभाऊने लॅपटॉप सरकीच्या पेंडीच्या पोत्यावर टेकवला आणि बहिणीपुढे हात केला.

“अक्का, तुझा मोबाईल दे. कुलूप काढून दे.”

नंदाने हातातली बैलाची म्होरकी खिळ्याला अडकवली, पदराला हात पुसले आणि मोबाईल दिला. बेल्ह्याचा बाजार उठत आला होता. समोरच्या रस्त्यावर गिऱ्हाईक न लागलेला एक बैल पुन्हा टेम्पोत चढायला तयार नव्हता, आणि त्याचा मालक दमून नुसताच त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. अशा वेळी कुणीतरी दोर नाहीतर वेसण मागायला येतंच, म्हणून नंदाने दुकानाची फळी अजून आत घेतली नव्हती.

समृद्धी जन्मली तेव्हा दादाभाऊ चाकणला कंपनीत होता. लेकीच्या नावाने म्हणून त्याने थोडे बिटकॉइन घेतले, लॅपटॉपवरच्या एका वॉलेटमध्ये ठेवले आणि विसरून गेला. पुढे त्याला मोबाईलवरच्या ट्रेडिंगचा नाद लागला. वर-खाली होणाऱ्या रेघेवर पैसे लावायचे आणि रेघेकडे बघत बसायचं. त्यात नोकरी गेली, बायकोच्या अंगावरचं गेलं, शेवटी वडिलांची, जानकू आबांची, मेंढरं गेली. आबांनी मेंढरं कोंडायची जाळीची वाघर तेवढी गुंडाळून माळ्यावर टाकली.

समृद्धीच्या कॉइनना मात्र दादाभाऊने हात लावला नव्हता. का नाही लावला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता ते जुनं वॉलेट बंद होणार होतं, बनवणाऱ्यांनी तसं कळवलं होतं. चावी दुसऱ्या कुठल्यातरी वॉलेटमध्ये हलवणं भाग होतं, आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये ती घ्यायचा त्याला धीर होत नव्हता.

मोबाईलवर नवं वॉलेट उतरत होतं तोवर तो समजावत राहिला. कॉइन काही लॅपटॉपमध्ये नसतात. त्यांची नोंद जगभरच्या कॉम्प्युटरांवर असते. आपल्यापाशी असते ती फक्त चावी, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्या हातात, त्याचे कॉइन. नंदा मान हलवत होती. आजवर त्याचं असं पुष्कळ ऐकून झालं होतं. त्याच्या साहेबापुढे ती हात जोडून आली होती, त्याच्या बायकोला, ऋतिकाला, माहेरहून समजूत घालून आणलं होतं, आबांसमोर त्याच्या बाजूने बोलली होती. प्रत्येक वेळी तो असाच मन लावून समजावत असे.

लॅपटॉपच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला. त्याने मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला. बारीक आवाज झाला, चावी आत गेली आणि शिल्लक दिसली, शून्य.

दादाभाऊचा चेहरा उतरला. त्याने मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. तरी शून्यच. नंदाने त्याच्याकडे पाहिलं. तू काही केलंस का, हे ती विचारणार होती, पण शब्द ओठांवर यायच्या आत तिने ते गिळले. त्याच्या ते ध्यानात आलं.

“मी न्हाई काढलं काही, अक्का. शप्पथ.”

तो खाली वाकून लॅपटॉपवर काहीतरी वाचत बसला. थोड्या वेळाने त्याने सुटकेचा श्वास सोडला. एकाच चावीचे पत्ते, जिथे कॉइनची नोंद असते ते, निरनिराळ्या प्रकारचे असतात. जुनं वॉलेट एका प्रकारचा पत्ता वापरत होतं आणि हे नवं दुसऱ्याच पत्त्यावर शोधत होतं. त्याने प्रकार बदलला आणि कॉइन दिसले, होते तेवढे सगळे.

मग त्याने तिच्या देखत लॅपटॉपवरचं वॉलेट पुसून टाकलं आणि मोबाईलवर तिला तिचा पासवर्ड घालायला लावला. ती घालत असताना तोंड रस्त्याकडे फिरवून उभा राहिला.

“आता माझ्यापाशी काही न्हाई,” तो म्हणाला. “मी मागितलं तरी देऊ नगंस. रडलो तरी.”

“बरं,” नंदा म्हणाली, आणि फळी आत घ्यायला उठली.

पुढे कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि दादाभाऊला पारगावला वजनकाट्यावर काम मिळालं. सकाळी डबा घेऊन जायचा, वेळेवर परत यायचा. समृद्धीचा अभ्यास घेत बसलेला दिसतो, असं त्यांची आई तुकाबाई येईल त्याला सांगू लागली. नंदाला ते ऐकून बरं वाटे, पण पहिल्यासारखा आनंद होत नसे.

एका दुपारी ऋतिका दुकानात आली. ती गावातच ई-सेवा केंद्रात कामाला होती. दाखले काढून काढून तिचे डोळे कायम तांबारलेले असत. आधी तिने आबांच्या गुडघ्यांचं सांगितलं, मग समृद्धीच्या शाळेचं. नंदा वाट बघत राहिली.

“वन्सं,” शेवटी ती म्हणाली, “तुमच्याकडं चावी आली म्हणून त्यांच्याकडची गेली, असं न्हाई. ती नक्कल हाय. फोटो काढून ठेवला असंल तर?”

“माझ्या देखत पुसलं त्यानं.”

“लॅपटॉपमधलं पुसलं.”

नंदाने तराजूतलं वजन उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. ऋतिका खालच्या आवाजात सांगत होती. नवऱ्यावर आळ घ्यायचा तिचा इरादा नव्हता. पण पक्कं करायचं तर उपाय एकच होता. नंदाने आपल्या मोबाईलवर कोरी चावी तयार करायची, दुसऱ्या कुणाच्या नजरेला न पडलेली, आणि सगळे कॉइन त्या चावीच्या पत्त्यावर पाठवायचे. मग जुनी चावी कुणाकडेही असो, ती रिकाम्या घराची चावी. कसं करायचं तेही तिने मोबाईल हातात घेऊन दाखवलं.

“मग तूच का न्हाई करत? तुला सगळं येतंय.”

“माझ्याकडं मागितलं तर मी देते, वन्सं,” ऋतिका म्हणाली. “आजवर दिलंच की.”

ती गेल्यावर नंदाने बराच वेळ काहीच केलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढच्या बाजारालाही नाही. दादाभाऊ येता-जाता दुकानाशी थांबत होता, उसाच्या गाड्यांच्या रांगांचं सांगत होता, हसतही होता. त्याच्या माघारी चावी बदलायची म्हणजे त्याला खोटा म्हणण्यासारखं होतं, आणि न बदलावी तर पोरीचं उरलंसुरलं वाऱ्यावर. लोणीच्या मामांनी मागे एकदा तिला म्हटलं होतं, तुझा जीव भावात अडकलाय. तसं आता राहिलं नव्हतं. तिला विश्वास ठेवायचा कंटाळा आला होता आणि संशय घ्यायचाही.

एके दिवशी भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, ती पोत्यांच्या आडोशाला बसली आणि तिने नवी चावी तयार केली. चावी हरवली तर पुन्हा उघडता यावी म्हणून मोबाईलने काही शब्द दिले, ते उतरवून घेतले. नवा पत्ता अक्षर-अक्षर ताडून पाहिला. पाठवायचं बटण दाबताना तिने एकदा दाराकडे बघितलं, जणू दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलत होती. थोडे कॉइन पाठवणावळीत कापले जाणार होते. त्याला इलाज नव्हता.

नोंद पक्की व्हायला वेळ लागला. तोवर एक म्हातारा गाईसाठी दावं घेऊन गेला. तिने त्याला दावं ओढून दाखवलं, पीळ दाखवला, रोजच्यासारखंच बोलली. मग परत येऊन पाहिलं. जुन्या पत्त्यावर शून्य आणि नव्यावर सगळं. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. ऋतिकालाही नाही. ज्याला कळायचंच नाही त्याला दुखणारही नाही, असा तिचा हिशोब होता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पेंडीचा टेम्पो आला. हमाल अजून पोचला नव्हता. कारखान्यावरून परतणाऱ्या दादाभाऊने मोटरसायकल कडेला लावली आणि न सांगता पाठीवर पोती घ्यायला सुरुवात केली. नंदा आत उभी राहून कुठलं पोतं कुठे लावायचं ते दाखवत होती. त्याची दाढी वाढली होती. शर्ट कालचाच होता.

शेवटचं पोतं थप्पीवर टाकून तो तिथेच टेकला. टेम्पो निघून गेला. अंगावरची पेंडीची भुकटी त्याने झटकली नाही.

“बरं केलंस, अक्का,” तो म्हणाला.

नंदा सुतळीचं बंडल गुंडाळत होती. कशाचं बरं, असं ती विचारणार होती, तेवढ्यात तिचा हात थांबला. जुनं वॉलेट रिकामं झालंय हे त्याला कळलं, म्हणजे त्याने ते उघडलं होतं. आणि उघडायला चावी लागते.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली, स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. पोत्यांनी हात लाल झाले होते.

“काल मी...” त्याने सुरुवात केली.

“ऱ्हाऊ दे.”

बाहेर कुणीतरी मोटरसायकलवरून जाताना नंदाला हाक दिली, तिने हात वर केला. दादाभाऊ उठला, दारापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला.

“नवी कुठं ठेवलीस, ते मला कधी सांगू नगंस.”

“न्हाई सांगत,” नंदा म्हणाली. “आता घरी जा. ऋतिका वाट बघत असंल.”