काचेवरचा काटा

दादाची गाडी सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. पुतणी हट्टालाच पेटली, तेव्हा काकाने ती बाहेर काढली, इंजिन नव्याने बांधलं आणि टर्बो पुन्हा चढवला. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणं. हवा वाढली की पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढायला हवा. नाही वाढला, तर पिस्टन वितळतो, इंजिन जागच्या जागी आवळतं आणि चाकंही. दादा असाच गेला, रस्त्याकडेच्या भिंतीवर आदळून.

दाबाची तबकडी पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवलेली असायची. पेट्रोलची नळी आत घेऊ नये, एवढी अक्कल त्या घरात सगळ्यांना होती. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, शेजारच्याने काटा बघून आकडे म्हणायचे. त्या दिवशी शेजारी काकाच होता. वीस फेऱ्यांत आकडे तोंडपाठ झालेले. एकविसाव्या फेरीला हा शहाणा खिडकीबाहेर बघत पाढे म्हणावेत तसे ते म्हणत राहिला. नंतर बॉनेटखाली त्याला दाब वाढवणारी बारीक रबरी नळी निसटलेली दिसली. त्याने ती गुपचूप परत बसवली. वहिनी अजून म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही तरी वाचलात." तो नुसती मान हलवायचा.

आज दुपारी रस्ता मोकळा होता. पुतणी चालवत होती.

"तीन," काका म्हणाला. तिने पाय दाबला. टर्बोची शीळ चढू लागली.

"साडेतीन," मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं.

काटा तीनवरच होता.

"पावणेचार." आवाज कंटाळलेला, घोकलेला. दादाचा असता तर काकाला बरं वाटलं असतं. तो त्याचा स्वतःचा होता.

"सोड! पाय सोड!"

गाडी कडेला थांबली. बॉनेट उघडलं, तर तीच रबरी नळी सुटून लोंबत होती.

"सकाळी मीच काढली होती रे," पुतणीने कपाळावर हात मारला. "परत लावताना क्लिप राहिली. थोडक्यात वाचलो!"

काकाचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. नळी बसवताना तिचा हात थांबला.

"पण काका, तू तर साडेतीन, पावणेचार म्हणत होतास. मग एकदम ओरडलास का?"

म्हणजे हिलाही ऐकू आलं होतं. मागची सीट रिकामी होती. काकाला खोटं बोलता आलं असतं. सहा वर्षांचा सराव होता.

"ते मी आज नाही म्हणालो," तो म्हणाला. "तुझ्या बाबाला म्हणालो होतो. त्या दिवशी."

तिने क्लिप दाबून घट्ट बसवली. मग हळूच तिने विचारलं, "तेव्हा काटा कितीवर होता?"

"मी बघितलाच नव्हता."