अडल्यावर बसायचं स्टूल

मी एक स्टूल आहे. तीन पायांचं, बिनपाठीचं. पाठ नसल्यामुळे माझ्यावर कोणी रेलत नाही. बसणारा एक तर काम करतो, नाही तर उठून जातो.

एका सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला बनवलं. मग एका घड्याळजीने एकतीस वर्षं माझ्यावर बसून घड्याळं उघडली. त्याची नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि त्याच्या मुलीने मला आपल्या स्वयंपाकघरात आणलं. वरच्या फळीवरचे डबे काढायचे असले की ती माझ्यावर चढायची. वजन साधारण तेवढंच, मान मात्र कमी.

तिला तीन मुलं. थोरला नऊ वर्षांचा, मधली सात, धाकटा चार. नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत. पूल झाला की बिऱ्हाड हलायचं. दोन वर्षांत तीन शाळा झाल्यावर ती म्हणाली, "आता मीच घरी शिकवते. गाव बदललं तरी बाई तीच राहील."

पहिल्याच आठवड्यात बाईंचा घसा बसला. थोरल्याला भागाकार सांगावा, तर धाकट्याची पेन्सिल मोडायची. तिला टोक करावं, तर थोरला ओरडायचा, "आई, पुढे काय करू?" एका सकाळी नऊ ते दहा या वेळात 'आई' किती वेळा ऐकू येतं, ते तिने भिंतीवर रेघा मारून मोजलं. त्रेसष्ट.

दुसऱ्या दिवशी तिने मला ओट्याजवळ ठेवलं आणि नियम सांगितला. रोज प्रत्येकाला कामाची चिठ्ठी मिळेल. धाकट्याच्या चिठ्ठीवर चित्रं. चिठ्ठी बघायची, आपापलं करायचं. अडलं तर स्टुलावर येऊन गप्प बसायचं, तिच्या हातातलं काम संपेपर्यंत. तेवढ्यात सुचलं तर उठायचं, नाही तर विचारायचं.

नियम चालला. थोरला येऊन बसायचा, पाय हलवायचा, छताकडे बघायचा आणि तिसऱ्या मिनिटाला "हात्तिच्या!" म्हणून उठायचा. यात माझा काहीही वाटा नाही. धाकटा दिवसातून अकरा वेळा बसायचा, पण त्याचे प्रश्न बसून सुटणारे नव्हते. "आई, आपण शून्य आहोत हे शून्याला माहीत असतं का?" आई भांडी विसळता विसळता म्हणायची, "चित्र रंगव."

मधली कधीच बसली नाही. मान खाली, अक्षर मोत्यासारखं, वही सगळ्यांच्या आधी पूर्ण. आई फोनवर आपल्या बहिणीला सांगायची, "मधलीकडे बघावंच लागत नाही गं." मधली लिहिता लिहिता ते ऐकायची.

मग थोरल्याला ताप आला. बाबा रजा घेऊन त्याच्यापाशी थांबले. धाकटा उशाशी बसून आजाऱ्याला प्रश्न विचारू लागला. आईने मधलीच्या हातात चिठ्ठी ठेवली, हसू दाबत आत गेली आणि बाहेरचे कपडे करून दारात जाऊन उभी राहिली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. विसाव्या मिनिटाला ती परत आत आली.

"अगं, येतेस ना?"

मधलीने वही पुढे केली. एकच मजकूर पंधरा वेळा, सुरेख वळणात उतरवलेला: 'आज अभ्यास नको. आपण दोघीच बाहेर जाऊ. चप्पल घालून दारात ये.' सोळाव्यांदा लिहिणं चालू होतं.

आईने पिशवी खाली ठेवली आणि माझ्यावर बसली.

"तुला वाचता येत नाही?"

"दादा हळूच वाचून दाखवतो. मग लक्षात राहतं."

"मला का नाही विचारलंस?"

मधली चिठ्ठीची घडी घालू लागली. "मग तुला माझ्याकडे बघावं लागलं असतं."

आई बराच वेळ उठली नाही. घड्याळजीसुद्धा एवढा जड लागला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "चप्पल घाल," आणि दोघी बाहेर गेल्या.

नियमाला पुरवणी जोडली गेली. अडो वा न अडो, प्रत्येकाने रोज एकदा बसायचंच. मधली बसली की आई गॅस बंद करून समोर फरशीवर मांडी घालायची. एकेक अक्षर, मग काना, मग वेलांटी. ते दिवस काही गोड नव्हते. मधलीने दोनदा चिठ्ठी फाडली. आईने एकदा पाटी आपटली आणि मग तिची माफी मागितली. मधलीची, पाटीची नव्हे.

चार महिने झाले असतील. मधली चिठ्ठी घेऊन बसली होती. बोट अक्षरांखाली, ओठ हलत होते. एका जोडाक्षरापाशी गाडी अडली. आई हात पुसत आली.

"सांगू?"

"थांब गं," मधली मान वर न करता म्हणाली. "बघू दे मला."

आई थांबली. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत राहिली.

हल्ली माझा एक पाय सैल झाला आहे. धाकट्याने कोणालाही न विचारता फटीत पुठ्ठ्याची घडी ठोकली. पुठ्ठा थोरल्याच्या वहीचा होता. आपलं आपण काम करण्याला मर्यादा कुठे असावी, यावर त्या दिवशी घरात बरंच मोठ्याने बोलणं झालं.

इथला पूल पूर्ण झाला. उद्या आमचं सामान निघेल. नव्या घरी मला माळ्यावर टाकू नये, एवढीच विनंती. आणि तुमच्याकडे एखादं मूल कधीच काही विचारत नसेल, तर कौतुक जरा पुढे ढकला. आधी हाक मारून त्याला जवळ बसवा. स्टूल नसलं तर पायरीही चालते.