थोरल्यांची गाडी

“मारा वहिनी, मारा स्टार्टर!” बॉनेटखाली अर्धा बुडालेला धाकटा मिस्त्री ओरडला.

वहिनींनी चावी फिरवली. इंजिन नुसतंच कण्हलं. धाकट्याने प्लग काढून लोखंडाला टेकवून धरला होता, पण ठिणगीचा पत्ता नव्हता.

केस पिकले तरी तो धाकटाच. थोरले मिस्त्री म्हणजे त्याचा भाऊ. दोघांचं मिळून एक गॅरेज. थोरले गेले आणि वहिनी आता लेकीकडे राहायला निघाल्या होत्या, तेही स्वतः गाडी चालवत. लेक म्हणत होती, वाटेत बंद पडणारं धूड कशाला आणतेस, दे भंगारात. थंड असताना गाडी लोण्यासारखी चालायची आणि तापली की मान टाकायची. असलं दुखणं गॅरेजात आणलं की शहाण्यासारखं वागतं, त्याला रस्त्यावरच गरमागरम पकडावं लागतं. म्हणून दीर-भावजय सकाळपासून फिरत होते, धाकटा चालवत होता, आणि तळ्याकाठच्या चढावर ती एकदाची थांबली.

धाकट्याने ओलं फडकं कॉइलवर ठेवलं, जरा निवू दिली, प्लग परत बसवला.

“आता मारा.”

गाडी सुरू झाली!

“कॉइल हो, वहिनी! तापली की प्लगला करंटच देत नाही. कधीपासून त्रास देतेय?”

“वर्षं झाली की. इथंच बंद पडायची. मग हे म्हणायचे, तापलीय बाई, निवू दे. बसायचो त्या बांधावर.” वहिनी हसल्या. “घरी तोंडातून शब्द काढायची मारामार आणि इथं नुसतं ऐकून घ्या! तुम्ही दोघांनी वडिलांची मोटारसायकल खोललीत आणि जोडता येईना म्हणून माळ्यावर लपलात, ते इथंच कळलं मला.”

धाकट्याला तो माळा आठवला, अंधारात तोंडावर दाबलेला दादाचा हातही आठवला. हसत हसतच त्याने डिकीतली दादाची हत्यारपेटी उघडली. तळाशी कॉइल होती, कोरी, खोकं पिवळं पडलेलं. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. उभ्या जन्मात दादाने कुणाची गाडी अर्धवट सोडली नव्हती.

“वहिनी, दादाला ठाऊक होतं हो.”

“मला का ठाऊक नव्हतं?” वहिनी म्हणाल्या. “एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि घरचीच गाडी दुरुस्त होत नाही? पण मी कशाला विचारते!”

धाकट्याने पाना उचलला. “मग बसवू का ही?”

“बसवा. आता ती निवेपर्यंत मी कुणाशी बोलत बसू?”

खात्री करायला वहिनींनी तोच रस्ता पुन्हा घेतला, या खेपेला स्वतः चालवत. इंजिन चांगलं तापलं. चढ आला, बांध आला, बांध मागे पडला. गाडी कुठेही अडखळली नाही.

“छान चालतेय हो भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, आणि मग घर येईपर्यंत काहीच बोलल्या नाहीत.