पाहुण्याचं तिकीट

"एकाच बाकावर बसायचं आणि यांना दहा, मला एकशेवीस? हा कुठला न्याय आहे, बाई?"

नागपूरहून आलेले ते निवृत्त गृहस्थ तिकीट हातात धरून उभेच होते. शेजारच्या बाईने नुकतंच गळ्यातलं हिरवं कार्ड मशीनला टेकवलं होतं आणि दहा रुपयांत ती खिडकीशी बसली होती. कंडक्टर ललिताने हा प्रश्न सहा वर्षांत दिवसाला दोनदा तरी ऐकला होता. रविवारी जरा जास्तच.

"काका, पावसाळ्यात तुमी येता का इथी?"

"पावसाळ्यात जंगल बंद असतं ना."

"जंगल बंद असते, गाव बंद नसते. चार महिने ह्या गाडीत एक पाहुना नाई बसत. तरी गाडी चालते. बाळंतीन जाते, शाळेची पोट्टी जातात. थ्या चार महिन्याचं डिझल तुमी आता भरून राह्यले."

गृहस्थांनी तिकीट उलटून पाहिलं. "मग हे तिकिटावर छापा की."

ललिताला ते पटलं. तिने समितीला तसं सांगितलंही. समितीने छापलं नाही, ही गोष्ट वेगळी.

जंगलाच्या फाटकापासून हिरडबोडी गाव चौदा किलोमीटर आत. खाजगी चारचाकींना बंदी, म्हणून गावाच्या पर्यटन समितीने ही चोवीस सीटची गाडी घेतली. गावकऱ्यांना हिरवं कार्ड, पाहुण्यांना कागदी तिकीट. मशीनवर दोनच बटणं होती, आणि माणूस समोर आला की कुठलं दाबायचं ते ललिताला त्याच्या चपलांवरून कळायचं. एकदा तिने कुठल्याशा साहेबाच्या मेव्हण्याकडूनही एकशेवीस घेतले होते. ड्रायव्हर नथ्थूभाऊ म्हणायचा, "ललिताबाई असली त वाघबी तिकिटाबिगर रस्ता नाई ओलांडनार." ती वरवर चिडायची. आतून तिला ते आवडायचं.

आवडण्यासारखं तिच्या वाट्याला तसं फार आलं नव्हतं. विसाव्या वर्षी आरमोरीला दिलं. तीन वर्षांत नवऱ्याने दुसरी आणली आणि ललिता एक पेटी घेऊन हिरडबोडीला भावाकडे, भैयाजीकडे परत आली. त्याला आता एकवीस वर्षं झाली. भैयाजीच्या बांधीत तिने धान रोवलं, त्याची दोन्ही पोरं वाढवली, आईचं शेवटचं दुखणं काढलं. गाडी सुरू झाली तेव्हा पहाटे पाचला कामावर यायला तयार असलेली, दहावी झालेली गावात ती एकटीच बाई होती. कंडक्टरचं खाकी जाकीट अंगात घातलं त्या दिवशी ती घरातल्या आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली होती.

दरवर्षी भाऊबीजेला गावच्या लेकींना आणायला त्यांचे भाऊ मोटारसायकली घेऊन फाटकावर जायचे. त्या वर्षी रस्त्यालगत पिलंवाली वाघीण बसली होती, म्हणून दुचाक्याही बंद झाल्या. त्यामुळे सकाळच्या दोन फेऱ्यांत फाटकावर नुसत्या माहेरवाशिणी. हातात पिशव्या, काखेत पोरं. सगळ्यांत पुढे ब्रह्मपुरीला दिलेली कमळा, ललिताची बालमैत्रीण.

"कार्ड?" ललिताने सवयीने विचारलं.

"कायचं कार्ड वं? मी हाय कमळा."

"मंग पाहुन्याचं घ्या लागते. एकशेवीस."

"मी पाहुनी?" कमळाचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. "ह्याच जंगलात मोहफूल येचून मोठी झाली न वं मी! आन् हिशेब त पाह्य. माहा भाऊ ओवाळनी टाकन दोनशे. जायाचे एकशेवीस, यायाचे एकशेवीस. म्हंजे भावाले भेटाले माहेच चाळीस जातात!"

गाडी हसली. पण कमळा हसत नव्हती, आणि तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्याही हसत नव्हत्या. एकीने तर पिशवीचं तोंड उघडून पैसे मोजायला सुरुवात केली होती. तिने दोनदा मोजले.

ललिताचं बोट पाहुण्याच्या बटणावर होतं. नियम तिला पाठ होता: गावच्या रेशनकार्डात नाव त्यालाच हिरवं कार्ड. लग्न होऊन गेली की लेकीचं नाव कटतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं चढतं. नियमात चूक काढता येत नव्हती. तिने गळ्यातलं स्वतःचं कार्ड ओढलं आणि मशीनला टेकवलं.

"दे दहा. बस."

दोन फेऱ्यांत एकतीस वेळा तिने ते कार्ड टेकवलं. बरोबर आलेल्या जावयांना मात्र तिने सोडलं नाही. जावई तो जावई, त्याच्याकडून पुरते एकशेवीस. तेवढा कडकपणा तिला ठेवावासा वाटला.

मशीन काही विसरत नाही. आठवड्याने समितीची बैठक बसली आणि अध्यक्ष दिनेशने कागद पुढे सरकवला. दिनेश चांगला माणूस होता. चांगल्या माणसाशी भांडणं अवघड असतं.

"बाई, एका सकाळी तुमच्या कार्डावर एकतीस जनं गेले."

"गावच्याच लेकी होत्या. कमी पडलेले पैसे मी भरून देते."

"पैशाची गोष्ट नाई हे. लेकी पाहुन्या नाईत, मान्य. मंग त्यायची पोट्टी? जवाई? जवायाचे दोस्त? रेघ कुठी मारायची, तुमीच सांगा."

खरं म्हणजे दिनेशच्या जागी ललिता असती तर तिनेही हेच विचारलं असतं.

"कार्ड दुसऱ्याले वापरू देलं त तपासनी करा लागते," असं म्हणत दिनेशने तिची नोंद काढली, आणि तो थांबला. रेशनकार्डाच्या रकान्यात नंबर नव्हता. सहा वर्षांपूर्वी घाईत कुणीतरी तिथे नुसतं 'भावाकडे' असं लिहून ठेवलं होतं. ललिताचं नाव आरमोरीच्या कार्डातून केव्हाच कटलं होतं आणि हिरडबोडीच्या कार्डात कधी चढलंच नव्हतं. कागदावर पाहिलं तर ती कुठलीच नव्हती. आणि गाडीवरचं काम फक्त हिरव्या कार्डवाल्यांसाठी होतं.

बैठकीत चुळबुळ झाली. मग दिनेशला वाट दिसली. समितीत भैयाजीही बसला होता. दिनेश त्याच्याकडे वळून मोकळं हसला.

"भाऊ, सोपं हाय. उद्याच्या उद्या तुमच्या कार्डात बाईचं नाव टाका. मिटली गोष्ट."

सगळ्यांनी माना हलवल्या. ललितानेही भावाकडे पाहिलं. तिला कसलीच शंका नव्हती, म्हणून ती सहज पाहत होती.

भैयाजी आपल्या बोटांकडे बघत होता. "घरी विचारतो," तो म्हणाला.

त्याला महिनाभराची मुदत मिळाली. रेशनकार्डातलं नाव पुढे सातबाऱ्यावर चढतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. कायद्याने ललिताचा हिस्सा रेशनकार्डाशिवायही होताच. तिने तो कधी मागितला नव्हता. पण भीतीला कायदा कुठे वाचता येतो? सोळाव्या दिवशी दुपारी जेवताना तो बोलला.

"तुले का कमी हाय इथी? खातेस, राह्यतेस. नाव कायले पायजे?"

"कामासाठी पायजे, भाऊ."

"दुसरं काम पाह्य न."

ललिताला फार वाईट वाटलं. कामाचं वाटलंच, पण त्याहून जास्त याचं वाटलं, की हे बोलताना त्याने ताटातून मान वर केली नाही. वहिनीने तिच्या पानात आणखी भात वाढला. ललिता तो संपवून उठली.

मुदत संपली. काम पुनमला मिळालं. पुनम जिवतीकडून दोन वर्षांपूर्वी सून होऊन आलेली पोरगी; लग्नानंतर आठ दिवसांत तिचं नाव कार्डात चढलं होतं. ललिताने तिला दोन दिवस मशीन शिकवलं, जाकीट धुऊन इस्त्री करून दिलं आणि ब्रह्मपुरीला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली.

पुढच्या भाऊबीजेला ती फाटकावर उतरली तेव्हा रांग होतीच. मोटारसायकलींना आता कायमचीच बंदी झाली होती. हातात ओवाळायचं सामान आणि भावाच्या नातवासाठी पेढे. येऊ नये असं तिला वसतिगृहात आठवडाभर वाटत होतं. पण भैयाजीला ओवाळायला तिच्याशिवाय दुसरी बहीण नव्हती, आणि तो कपाळ पुढे करून बसून राहील हे तिला दिसत होतं. नथ्थूभाऊने स्टिअरिंगवरून हात उचलून नमस्कार केला आणि लगेच समोर पाहिलं.

पुनम तिच्यापाशी आली आणि अडखळली. तिचं बोट मशीनवर नुसतंच फिरत राहिलं. मग इकडेतिकडे पाहून तिने हळूच गळ्यातलं स्वतःचं कार्ड ओढलं.

ललिताने तिचा हात धरला.

"नको. मशीन लिहून ठेवते."

"पन बाई, तुमच्याकडून कसं घेऊ मी?"

"जसं सगळ्यायकडून घेतेस. हे बटन दाब. हं, जोरात दाब, थे जरा अडकते."

तिकीट निघालं. ललिताने मोजून एकशेवीस दिले. पुनमचे डोळे भरून आले होते. ललिता तिला म्हणाली, "मागं चार जनं उभी हायत, चाल," आणि ती पुढे गेली.

गाडी सुरू झाली. शेजारी पुण्याकडची एक तरुण बाई बसली होती, मांडीवर कॅमेरा. तिने ललिताच्या हातातलं तिकीट पाहिलं, आपल्या तिकिटाशी ताडून पाहिलं आणि ओळखीचं हसली.

"तुम्हीपण पाहायला आलात? पहिल्यांदाच?"

"भावाकडे चालली," ललिता म्हणाली. मग जागेवरून उठून तिने पोरीला हाताने आत सरकवलं. "तुमी खिडकीशी बसा. नाला ओलांडला का डाव्या बाजूले चितळं असतात. आवाज नका करू फक्त."

ती कडेच्या सीटवर बसली आणि नाला येईपर्यंत, पलीकडच्या खिडकीतलंही दिसावं म्हणून, तिने पोरीच्या कॅमेऱ्यासाठी मान मागे घेऊन धरली.