हयातीपुरतं

खिळा बोटभरही नव्हता. डाव्या चिमटीत तो, उजव्या हातात हातोडी, आणि नवऱ्याचा, शरच्चंद्रांचा फोटो खाली सोफ्याला टेकवून ठेवलेला... श्यामलाने हात उचलला आणि तो तसाच राहिला. आपल्याला या भिंतीत खिळा ठोकता येतो का? काल वकिलांनी त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवलं, त्यात विकता येणार नाही असं होतं, गहाण टाकता येणार नाही असं होतं. खिळ्याचं काही नव्हतं. 'सदर श्यामला हिला सदर सदनिकेत तिच्या हयातीपर्यंत फक्त राहण्याचा हक्क राहील.' तिच्यामागे घर आल्हादचं. सदर श्यामला—सव्वीस वर्षं ज्यांनी 'अगं' यापलीकडे हाक मारली नाही, त्यांनीच हे वाचून, चष्मा पुसून, खाली सही केली असेल.

"थांब मावशी, मी ठोकतो," म्हणत आल्हाद आतून आला. वडिलांचे दिवसवार उरकून तो आज पुण्याला परतणार होता. ती या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा. सगळे 'आई म्हण' म्हणत होते, तर तिनेच अडवलं होतं—त्याला आई होती, मला मावशी म्हणू दे. त्या गेलेल्या आईच्या पाटल्या मोडून हा इंदिरानगरचा फ्लॅट घेतलेला. तिला हे लग्नाआधीच ठाऊक होतं, म्हणून तर रागवायलाही जागा सापडत नव्हती. विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं, घर आल्हादच्या नावावर करा. विचारलं असतं तर.

फोटो लागला. जरा डावीकडे कललेला वाटला, तरी तिने हातोडी आत नेऊन ठेवली.

सकाळीच इगतपुरीहून धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता. ताई, चांगला वकील गाठू, राहण्याच्या हक्काचा कधी कधी पूर्ण मालकी हक्कही होतो म्हणे, तू गप्प बसू नकोस. गप्प... वडिलांच्या घरातला वाटा याच भावाला सोडून दिला, तेव्हाही ती गप्पच होती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या, आषाढात भिंतींना घाम फुटायचा, कपडे आठ-आठ दिवस वाळायचे नाहीत. हक्कसोड पत्रावर सही करून बाहेर आल्यावर शरच्चंद्र म्हणाले होते, "बरं केलंस. आपलं घर आहे की." आपलं. तो शब्द तिने इतकी वर्षं पांघरला होता.

जेवताना आल्हादने आमटी दोनदा वाढून घेतली, मग ताटात बघत म्हणाला, "मावशी, तू इथेच राहायचंस. कागदावर काही असो."

तो मनापासून बोलत होता, आणि तेच तिला सहन होईना. काल सकाळपर्यंत हे वाक्य कुणी तिला म्हणू शकलं नसतं.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

तो घुटमळला. "दोन वर्षांपूर्वी बाबांनी विचारलं होतं."

"काय विचारलं?"

"मी गेल्यावर मावशीला राहू देशील ना, असं."

तिने त्याच्या पानात भात वाढला. राहू देशील ना... म्हणजे त्यांनी तिच्यासाठी पदर पसरला होता, आणि संध्याकाळी तिच्याच हातचा चहा घेत, काही न सांगता, बातम्या पाहिल्या होत्या. दोन वर्षं.

दुपारी तो वाकून नमस्कार करून निघाला. पोचलास की कळव, ती म्हणाली. भावाचा फोन पुन्हा वाजला, वाजून थांबला.

अंधारून आलं तरी तिने दिवा लावला नाही. या वेळी ती रोज त्यांना दिवसभराचं सांगायची. ते गेल्यावरही, मनातल्या मनात का होईना, एक दिवस खंड पडला नव्हता. आजही ओठांवर आलंच—अहो, ऐकलंत का, माणसाने आपल्याशी असं वागावं... आणि ती थबकली. कुणाबद्दल सांगत होती ती, आणि कुणाला? हे सगळं सांगायला या जगात तिला तेवढं एकच माणूस होतं. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, आज आपण बोलायचं नाही. आधी त्यांनी बोलावं.