सरांच्या तोंडातली लवंग

लवंगेचा वास.

तळहाताची सोललेली कातडी, नेलकटरनं कापून कचऱ्यात.

भिंतीवरची फ्रेम: तिच्या गळ्यात सुवर्णपदक, खांद्यावर सरांचा हात.

कोमट, चिकट ठिपका.

टीव्हीवर तिचंच खिदळणं.

हे सगळं एका माणसापायी. जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात मुली दांड्यावर चढण्याआधी सर त्यांचे तळहात पुढे करायला लावायचे आणि थुंकायचे. पचकन. वर पांढरी पावडर. "पकड बसते," म्हणायचे. दाढेखाली कायम लवंग. ती चॅम्पियन झाली आणि त्या थुंकीचं मोठं कौतुक झालं; टीव्हीवर तिनंही हसत तिलाच श्रेय दिलं.

आता ती स्वतः कोच होती, मुलींची ताई. तिची सगळ्यात छोटी शिष्या, पिटुकली, आज फायनलला. प्रमुख पाहुणे कोण, तर सर! काठी टेकत थेट सरावाच्या हॉलमध्ये आले.

पिटुकलीची आई पुढे सरसावली. "सर, आमच्या पोरीच्या हातावरपण तेवढं कराच!"

"रांग लागते हो वहिनी माझ्याकडे," सर म्हणाले आणि लवंग या गालातून त्या गालात सारली. पिटुकलीनं तळहात पसरले. सरांच्या घशात घरघर झाली.

ताई पुढे झाली. "हात खाली घे."

"पण ताई, तुम्हीच तर टीव्हीवर..."

"घे म्हटलं ना!" तिनं स्वतःचा हात मध्ये घातला. पचकन. कोमट. तोच वास.

"बघा, हिला अजून लागते!" सर म्हणाले. आईसकट सगळे फिदीफिदी हसले.

ताई पिटुकलीला ओढतच बेसिनपाशी घेऊन गेली. स्वतःचं मनगट साबणानं घासलं. पुन्हा घासलं. वास जाईना. मग ती बेसिनमध्येच भडाभडा ओकली.

पिटुकली मुसमुसत होती. "आता मी पडणार. तुम्हाला त्याच्यामुळेच मिळालं ना सुवर्ण?"

ताईनं तोंड पुसलं, खाली वाकली आणि आजवर कुणालाच न सांगितलेलं तिच्या कानात सांगितलं.

पिटुकलीचे डोळे मोठे झाले. "मग टीव्हीवर तसं का म्हणालात?"

"सगळे हसत होते. मीपण हसले."

"शी, ताई."

"हो. शी."

बाहेर नाव पुकारलं गेलं. पिटुकलीनं कोरडे हात पावडरीत घोळवले आणि सरांच्या अंगावरून, नाक मुरडून, दांड्याकडे गेली.

ताईच्या सुवर्णपदकाच्या दिवशी सरांची गाडी चुकली होती. ते पोचले ते फोटोपुरते.